गावाने नेमून दिलेली जागा

डिसेंबर २०२० मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या भादली गावात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचे अर्ज भरले जात होते. अंजली गुरू संजना जान या तृतीयपंथी उमेदवाराने महिलांसाठी राखीव प्रभागातून अर्ज भरला आणि छाननीत तो बाद झाला. तृतीयपंथीयांसाठी एकही प्रभाग राखीव नाही, आणि ही जागा तर महिलांची. मग अर्ज घ्यायचा कसा, असा अधिकाऱ्यांचा पेच होता. अंजली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी जानेवारीच्या सुरुवातीलाच, स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या ‘नालसा’ निकालाचा आधार घेऊन, त्यांना स्त्री म्हणून निवडणूक लढवता येईल असे सांगितले आणि अर्ज स्वीकारायला लावला. मतमोजणीत अंजली ५६० मते घेऊन निवडून आल्या.

गंमत अशी की अर्ज अडला तो कचेरीत. मते पडली ती गावात. त्याआधी, ऑक्टोबर २०१७ मध्ये, सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला थेट मतदानाने सरपंच केले होते. राज्यभरातले पत्रकार तेव्हा तरंगफळला धावले. खेडे म्हणजे जुनाट आणि शहर म्हणजे मोकळे, अशी सोपी वाटणी करून बसलेल्या पुण्या-मुंबईच्या वाचकाला ती बातमी पचायला जरा जडच गेली असणार.

मग ग्रामीण महाराष्ट्रात समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी आणि इंटरसेक्स माणसांविषयी द्वेष आहे असे म्हणायचे तरी कशाला? कारण ज्या गावाने तृतीयपंथी उमेदवाराच्या नावापुढे शिक्का मारला, त्याच गावात एखादा पोरगा घरात म्हणाला, “मला मुलगी बघू नका, माझं मन एका मुलावर आहे,” तर त्याचे काय होईल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. मार, अंगारा, घाईघाईने जमवलेले लग्न, नाहीतर पुण्याची एसटी. या दोन्ही गोष्टी एकाच गावात, एकाच वेळी खऱ्या असतात. या पुस्तकाचा विषय नेमका तिथे सुरू होतो.

गावाला अशी माणसे ठाऊक नसतात, हा शहरातून येणाऱ्या कार्यकर्त्यांचा आवडता गैरसमज आहे. गावाला सगळे ठाऊक असते. कोणाचे चालणे कसे आहे, कोणती दोन माणसे मळ्यातल्या वस्तीवर कायम बरोबर असतात, कोणाच्या सुनेने माहेर का गाठले, यातले काहीही पारावरून सुटत नाही. मात्र वेगळ्या माणसासाठी गाव एक जागा नेमून देते. त्या जागेत तो राहिला तर त्याला ओवाळतात, त्याच्या पाया पडतात, त्याच्यावर हसतात, प्रसंगी त्याला मतही देतात. ती जागा घराबाहेर असते, एवढी अट.

सर्वांत जुनी आणि सर्वांत भक्कम जागा देवीच्या अंगणात आहे. कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि पलीकडचा बेळगाव हा सौंदत्तीच्या यल्लम्माचा मुलूख. देवीला सोडलेला पुरुष जोगता होतो. तो लुगडे नेसतो, गळ्यात दर्शनाची माळ घालतो, डोक्यावर जग म्हणजे देवीची टोपली घेऊन जोगवा मागतो. बायकी वळणाच्या मुलांना या परंपरेने आसरा दिला हे खरेच आहे. पण देवीच्या नावाने गाव कोणाला पाठवते, याला काही धरबंध नव्हता. राजन गवस यांच्या ‘भंडारभोग’ आणि ‘चौंडकं’ या कादंबऱ्या ज्यांनी वाचल्या आहेत, किंवा त्यांवर आधारलेला राजीव पाटील यांचा ‘जोगवा’ हा २००९ चा चित्रपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तायप्पा आठवेल. उपेंद्र लिमये यांनी साकारलेला तायप्पा बायकी नाही. शरीरातल्या एका दुखण्याला देवीचा कौल ठरवून त्याला लुगडे नेसवले जाते, आणि तो आयुष्यभर आतल्या आत पुरुषच राहतो. ज्याला स्त्री व्हायचे आहे आणि ज्याला व्हायचे नाही, दोघांनाही तेच लुगडे. देवदासी प्रथेविरुद्ध कर्नाटकाने १९८२ मध्ये आणि महाराष्ट्राने २००५ मध्ये कायदे केले. त्यांचा रोख प्रामुख्याने मुलींवरच्या अन्यायावर होता आणि तो असायलाच हवा होता. जोगत्याच्या पोटापाण्याचा आणि घरात परतण्याचा प्रश्न मात्र तसाच पडून राहिला.

दुसरी जागा फडावर. तमाशातला नाच्या हा गावाचा लाडका, शिट्ट्या मिळवणारा. पण सोयरीक जुळवताना त्याच्या घराकडे कोणी फिरकत नाही. कोल्हापूरचे गणपत पाटील यांनी मराठी पडद्यावर नाच्या इतका अस्सल वठवला की लोक त्यांच्या संसाराबद्दलही कुजबुजत राहिले, आणि त्या कुजबुजीची झळ घरच्यांना बसली. आनंद यादवांच्या ‘नटरंग’मधला गुणा तर कुस्तीचे अंग असलेला शेतमजूर. फड उभा राहावा म्हणून तो नाच्या होतो, त्यापायी घर गमावतो, आणि एका रात्री त्याच्यावर बलात्कार होतो. त्यावरचा रवी जाधव यांचा चित्रपट २०१० च्या पहिल्याच दिवशी आला आणि त्यातल्या लावण्यांवर सारा महाराष्ट्र नाचला. त्या बलात्काराबद्दल फारसे कोणी बोलले नाही. इथे कायद्याची एक विचित्र बाजू सांगायला हवी. तेव्हा निदान भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ होते, ज्याखाली गुणासारख्याला तक्रार करता आली असती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हे कलम पूर्णच गळले. संमतीच्या संबंधांना गुन्हा मानणारा भाग जायलाच हवा होता. पण पुरुषावर किंवा पारलिंगी व्यक्तीवर होणाऱ्या बलात्कारासाठी त्या जागी दुसरे काही आले नाही. बलात्काराची व्याख्या आजही पीडित स्त्रीच असणार असे धरून चालते.

राजकारणातली जागाही याच जातीची. मध्य प्रदेशातल्या सोहागपूरमधून तृतीयपंथी शबनम मौसी १९९०च्या दशकाच्या अखेरीस आमदार झाल्या. कटनीच्या महापौर झालेल्या कमला जान यांचे पद मात्र, ती जागा महिलांसाठी राखीव होती म्हणून, न्यायालयात रद्द झाले. भादलीचा निकाल वेगळा लागायला मध्ये नालसाचा निकाल यावा लागला. त्या निवडणुकांपासून एक युक्तिवाद कानी पडतो : यांना ना मूल ना बाळ, खाणार कोणासाठी? ऐकायला कौतुक वाटते. पण घरदार नाही म्हणून जो भ्रष्टाचार करणार नाही, त्याचे घरदार नसणे हीच त्याची पात्रता ठरली. उद्या त्याच सरपंचाने जोडीदार घरी आणला तर हा युक्तिवाद किती दिवस टिकेल, ही शंका रास्त आहे.

देवी, फड आणि खुर्ची या तिन्ही जागा दिसतात तरी. समलिंगी पुरुषाला आणि स्त्रीला यांतली एकही नाही. त्यांच्यासाठी गावाकडे एकच तोडगा आहे, तो म्हणजे लग्न.

लग्नाचा रेटा शहरातही असतो. पण खेड्यात त्याला जमीन चिकटलेली असते. सातबाऱ्यावर नाव चढणे, भावकीत वाटा मिळणे, म्हाताऱ्या आईबापांचे करणे, गावजेवणात पंगतीत बसणे, हे सगळे ‘संसारी’ माणसाच्या खात्यावर जमा होते. “लग्न झालं की लागेल मार्गाला,” हे वाक्य बोलणारी आत्या किंवा मामा दुष्ट नसतो. पोराचे भले करतो आहोत अशी त्याची खात्री असते. या तोडग्याची अर्धी किंमत, कधी कधी त्याहून जास्त, परक्या घरातून आलेली मुलगी मोजते. मूल होत नाही म्हणून तिलाच दवाखाने आणि देवळे दाखवली जातात. समलिंगी पुरुषांच्या दुःखाविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले गेले. त्यांच्या बायकांविषयी मराठीत अजून फारच थोडे आले आहे, आणि ही उणीव चळवळीच्याही पदरात टाकावी लागेल.

आता एक अनपेक्षित फट पडली आहे. शेतकरी मुलांना मुली मिळेनाशा झाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यांवर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा काढला होता. तिशी-पस्तिशीचे अविवाहित पुरुष ज्या गावात पाच-पंचवीस आहेत, तिथे एकाच्या लग्न न करण्याकडे पूर्वीसारखी बोटे वळत नाहीत. शेतीच्या अरिष्टाने काहींना आडोसा दिला, असे म्हणणे क्रूर वाटेल. पण वस्तुस्थिती आहे. हा आडोसा तरी पुरुषांनाच. मुलीला तो मुळीच नाही, उलट मुली कमी म्हणून तिच्या लग्नाची घाई अधिक.

दोन मैत्रिणींची जवळीक गावाला खुपत नाही. एकत्र शेतावर जाणे, एका ताटात जेवणे, यात्रेला हातात हात घालून फिरणे, सगळे चालते. पहिले स्थळ आले की मात्र चित्र पालटते. मोबाइल काढून घेतला जातो, कॉलेज बंद होते, मावशीच्या गावी रवानगी होते. दोघी पळाल्याच तर पोलिसांत ‘हरवली’ची नोंद, नाहीतर दुसरीवर अपहरणाची तक्रार. मग एक जण कोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे डांबलेल्या व्यक्तीला हजर करण्याचा, अर्ज करते आणि न्यायाधीश मुलीला आईवडिलांसमोर बसवून ‘समुपदेशन’ घ्यायला सांगतात. देशातल्या अनेक न्यायालयांत हेच होत आले. मार्च २०२४ मध्ये केरळमधल्या देवू नायर यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यावर मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली : असे अर्ज तातडीने ऐकावेत, डांबलेल्या व्यक्तीशी न्यायाधीशांनी घरच्यांच्या दबावापासून दूर, एकांतात बोलावे, नात्याचा पुरावा मागत बसू नये, आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचा लैंगिक कल बदलायला लावू नये. ही तत्त्वे खरे तर तालुक्याच्या पोलीस ठाण्यात भिंतीवर लावायला हवीत, कारण मुलगी उच्च न्यायालयात पोचण्याआधी ठाण्यात पोचते, आणि तिचे पुढे काय व्हायचे ते बहुतेक वेळा तिथेच ठरून जाते.

“हे शहरातलं खूळ आहे, टीव्हीनं आणलं,” असे म्हणणाऱ्यांसाठी एक जुना दाखला. रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत. त्यात वाचक लैंगिक शंका विचारत आणि कर्वे सरळ उत्तरे देत. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांविषयीच्या अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ मध्ये तो चालला तेव्हा कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकांना प्रश्न पडतात म्हणून ते विचारतात, आणि त्यांची उत्तरे देणे हा विकृतपणा ठरत नाही, हा त्यांच्या बचावाचा गाभा होता. समलिंगी आकर्षणाबाबत त्यांनी हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा दाखला न्यायालयापुढे ठेवला. कर्वे खटला हरले आणि त्यांना दंड झाला. टीव्ही देशात यायला तेव्हा पंचवीस वर्षे अवकाश होता. बाहेरून आलेले काही असेल तर जे कलम ३७७ दीडशे वर्षे मानगुटीवर बसले, तेच खरे परदेशी. १८६० मध्ये इंग्रजांनी आणलेले.

त्या कलमाचा प्रवास थोडक्यात असा. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे संबंध त्यातून वगळले. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने संमतीचे संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. १७ ऑक्टोबर २०२३ ला मात्र समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास न्यायालयाने नकार दिला.

गावापर्यंत यातले किती पोचले? २०१६ नंतर स्वस्त डेटामुळे फोन पोचला हे नक्की. पूर्वी ज्याला वाटे की जगात असा मी एकटाच, त्याला आता वीस किलोमीटरच्या टापूत आणखी तिघे-चौघे आहेत हे कळते. हा बदल फार मोठा आहे आणि त्याचे मोल कमी लेखू नये. पण त्याच अॅपवर खोटे फोटो लावून मुलांना आडरानात बोलवायचे, व्हिडिओ काढायचा आणि पैसे उकळायचे, हा धंदाही बोकाळला. कलम ३७७ असताना धमकी असे, “पोलिसांत देऊ.” आता धमकी असते, “गावच्या ग्रुपवर टाकू.” दुसरी धमकी पहिलीपेक्षा जास्त चालते. असा पैसा उकळणे हा न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणीचा गुन्हा आहे आणि तक्रारदाराने स्वतः कोणताही गुन्हा केलेला नाही, एवढी माहिती जरी वेळेवर मिळाली तरी कितीतरी पोरांचे ट्रॅक्टरच्या हप्त्याचे पैसे वाचतील. जीवही वाचतील.

खेड्यांत या विषयावरचे संघटित काम पहिल्यांदा आले ते एचआयव्हीच्या वाटेने. सांगलीत मीना सेशू यांनी ‘संग्राम’ संस्थेतर्फे १९९२ पासून वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांबरोबर काम सुरू केले. त्यातून ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली, आणि पुढे समलिंगी पुरुष व तृतीयपंथीयांची ‘मुस्कान’. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये ‘समपथिक ट्रस्ट’ सुरू केला आणि त्याहून मोलाचे म्हणजे मराठीत लिहिले. त्यांची ‘पार्टनर’ ही कादंबरी आणि ‘इंद्रधनू’ हे पुस्तक, इंग्रजी न वाचणाऱ्या कितीतरी मुलांच्या हाती पडलेली पहिली पुस्तके असतील. सरकारी एड्स नियंत्रण कार्यक्रमाने जिल्ह्याजिल्ह्यांत पैसा आणि कार्यकर्ते पोचवले, आणि ‘आमच्यासारखे’ एकत्र बसतील अशी पहिली खोली अनेक तालुक्यांना त्यातूनच मिळाली. पण त्या खोलीत बोलणे व्हायचे ते कंडोमचे आणि तपासणीचे. प्रेमाचे, घरचे, शेताच्या वाट्याचे बोलायला तिथे रकाना नव्हता. स्त्रियांना तर ‘जोखीम गट’ नाही म्हणून खोलीच मिळाली नाही.

रकान्यांवरून आठवले. २०११ च्या जनगणनेत प्रथमच स्त्री आणि पुरुष यांच्या जोडीने ‘इतर’ असा पर्याय होता. देशभरात ४ लाख ८७ हजार ८०३ जणांची नोंद त्याखाली झाली. महाराष्ट्रात ४० हजार ८९१. देशातल्या या लोकांपैकी सुमारे दोन तृतीयांश ग्रामीण भागात राहत होते. गणकाला माहिती देणारा बहुधा घरचा कर्ता असतो, हे लक्षात घेतले तर खरा आकडा किती मोठा असेल याचा अंदाज बांधता येतो. समलिंगी व्यक्तींसाठी कुठल्याच सरकारी तक्त्यात जागा नाही. तरीही “आमच्याकडं असलं काही नाही” हे वाक्य गावोगाव त्याच ठामपणे म्हटले जाते.

गाव कशाने बदलते, याचा एक धडा बीड जिल्ह्यात मिळतो. माजलगाव तालुक्यातल्या राजेगावच्या ललिता साळवे महिला शिपाई म्हणून पोलीस दलात होत्या. तपासण्यांत त्यांच्या शरीरात पुरुषाची गुणसूत्रे असल्याचे दिसले. २०१७ मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. खात्याने नकार दिला, कारण भरती महिला म्हणून झाली होती. उच्च न्यायालय, मग मुख्यमंत्र्यांपर्यंत दाद, अशी वळणे घेत मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. ललित साळवे पुरुष शिपाई म्हणून कामावर रुजू झाले, २०२० मध्ये त्यांचे लग्न झाले, २०२४ च्या जानेवारीत ते बाप झाले. गावाने हे सारे आनंदाने साजरे केले. त्या आनंदात खोट काढायचे कारण नाही. तरी एक गोष्ट नजरेआड करू नये : इथे डॉक्टरांचा कागद होता, देहातली ‘चूक’ दुरुस्त झाली, आणि शेवट लग्न व मुलगा असा गावाच्या ओळखीच्या वळणावर झाला. ज्याच्याकडे कागद नाही, फक्त मन आहे, त्याच्यासाठी हीच माणसे इतक्या सहज हार घेऊन येत नाहीत. इंटरसेक्स मुलांच्या बाबतीतही कागदाची ही ओढ उलटू शकते. बाळ ‘नीट’ दिसावे म्हणून जन्मतःच शस्त्रक्रिया करून टाकायची घाई होते. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशा शस्त्रक्रियांवर तमिळनाडूत बंदी घालायला लावली. महाराष्ट्रातल्या जिल्हा रुग्णालयांसाठी तो निकाल वाचण्यासारखा आहे.

उपचारांचा विषय निघालाच आहे. गावातला पहिला ‘तज्ज्ञ’ अजूनही देवऋषी असतो. बाहेरची बाधा, करणी, कोणाची नजर अशी निदाने होतात आणि भूत उतरवण्यासाठी मारहाण होते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २०१३ च्या हत्येनंतर आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली केलेली मारहाण गुन्हा आहे. २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली वाळीत टाकणाऱ्या जातपंचायतीला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे दोन्ही कायदे या प्रश्नासाठी केलेले नाहीत, पण खास महाराष्ट्राचे आहेत, तालुक्याच्या कार्यकर्त्याला तोंडपाठ आहेत आणि ठाण्यातल्या हवालदाराला ओळखीचे आहेत. दिल्लीहून नवा कायदा येईल तेव्हा येईल. खेड्यात काम करणाऱ्याने हातातले अवजार आधी वापरावे. दुसरा ‘तज्ज्ञ’ म्हणजे शहरातला औषधे देणारा डॉक्टर. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कल ‘बदलण्याच्या’ उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. म्हणजे असा इलाज करणाऱ्या डॉक्टरची तक्रार वैद्यक परिषदेकडे करता येते. किती डॉक्टरांना हे ठाऊक आहे, हा प्रश्न वेगळा.

शाळेबद्दल लिहायला फार काही नाही, आणि तीच अडचण आहे. आठवी-नववीत ‘बायल्या’, ‘छक्का’ म्हणून रोज टोमणे खाणारा मुलगा शाळा सोडतो आणि हजेरीपटावर कारण पडते ‘घरगुती’. २०२१ मध्ये एनसीईआरटीने शिक्षकांसाठी पारलिंगी मुलांविषयी एक पुस्तिका काढली; तक्रारी येताच ती संकेतस्थळावरून काढून घेतली गेली.

या पार्श्वभूमीवर रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या चित्रपटाने २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळवला, ही बातमी चित्रपटाच्या पानापुरती नव्हती. मुंबईत काम करणारा आनंद वडिलांच्या निधनानंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. चप्पल घालायची नाही, अमुक खायचे नाही, तमुक शिवायचे नाही असे नियम, आणि जोडीला प्रत्येक नातेवाइकाचा एकच प्रश्न : लग्न कधी? तिथे त्याला बालपणीचा मित्र बाळ्या भेटतो, त्याच्यामागेही हाच ससेमिरा. चित्रपटात कोणी भाषण करत नाही, कोणाला मारहाण होत नाही. आनंदच्या आईला सारे माहीत आहे. शाळा फारशी न शिकलेली ती बाई पाहुण्यांपुढे मुलाची बाजू सांभाळून घेते. फड आणि देऊळ यांच्या बाहेर, घराच्या पडवीत समलिंगी माणूस बसलेला मराठी पडद्यावर इतक्या साधेपणाने क्वचितच दिसला असेल. ती आई पाहून शिकलेले प्रेक्षक चकित झाले, यात शिकलेल्यांनी थोडे आत्मपरीक्षण करावे. ग्रामीण भागात आपल्या माणसाच्या पाठीशी उभे राहणारे पहिले माणूस बहुतेकदा आई, आजी किंवा थोरली बहीण असते. तिला ‘एलजीबीटीआय’ म्हणजे काय ते माहीत नसते. तिला भीती असते ती भावकीची आणि आपल्यामागे याचे कोण करील याची.

म्हणून खेड्यातले काम त्या भीतीपासून सुरू करावे लागते. झेंडे आणि मिरवणुकांना कमी लेखायचे नाही. मुंबईच्या मिरवणुकीला जाऊन आलेल्या मुलाला त्यातून वर्षभराचे बळ मिळते. पण परतीच्या एसटीत तो झेंडा बॅगेच्या तळाशीच जातो. गावात दुसऱ्या गोष्टी लागतात. म्हाताऱ्या आईला विश्वास वाटावा म्हणून मृत्युपत्र आणि वारसनोंदीची नीट माहिती. लग्नाला नकार देणाऱ्या मुलीसाठी तालुका विधी सेवा समितीचा मोफत वकील. रात्री दोनला फोन उचलणारे कोणीतरी, जसा ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक. आणि ग्रामसभेत “अहो, तो आपलाच आहे” असे एकदा तरी म्हणणारा एखादा वजनदार माणूस. हे काम किती अवघड आहे ते गावात राहिलेल्यालाच कळेल.

समलिंगी विवाहाच्या २०२३ च्या निकालानंतर केंद्राने नेमलेल्या समितीच्या कामातून सप्टेंबर २०२४ मध्ये काही सूचना जाहीर झाल्या. समलिंगी जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच कुटुंबातले धरावे. त्यांना बँकेत संयुक्त खाते काढता येईल. जवळचे नातेवाईक हजर नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेऊ द्यावा. यातली रेशनकार्डाची सूचना खेड्याच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाची आहे, कारण गावात कुटुंब कोणते हे शेवटी रेशनकार्डावरून ठरते. ती सूचना तहसीलच्या पुरवठा शाखेतल्या कारकुनाच्या टेबलावर पोचली आहे का, पोचली असेल तर दोन बायका किंवा दोन पुरुष एकत्र कार्ड मागायला आल्यावर त्याने काय करायचे, आणि ते मागायला येण्याइतके धाडस त्यांना कोणी द्यायचे, या प्रश्नांची व्यावहारिक उत्तरे या पुस्तकाच्या पुढच्या प्रकरणांत शोधली आहेत. ती आशाताई, मुख्याध्यापक, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. अर्ज कुठे द्यायचा, नकार मिळाला तर लेखी कसा घ्यायचा, पुढे कोणाकडे जायचे, या क्रमाने.